मुक्या गिटारीवरचा मळ

तिला सगळे शीताई म्हणत. खरं नाव होतं, पण ते पगाराच्या चिठ्ठीवर आणि नवऱ्याच्या रागात तेवढं उरलं होतं. बँडमधल्या कुणीतरी पहिल्याच वर्षी हे नाव ठेवलं, कारण बाईचं दर दुसरं वाक्य ‘शी’ने सुरू व्हायचं. चहाचा कप बघून शी. मायकची जाळी बघून शी. हॉटेलच्या मागच्या जिन्याचा कठडा बघून शी, आणि तो कठडा धरून वर आलेल्या माणसाने हात मिळवायला पुढे केला की मनातल्या मनात दोनदा शी.

कुणाला वाटेल, ही कुणी नाजूक, अत्तर लावून फिरणारी बाई असेल. तसलं काही नव्हतं. दिवसा ती एका मोठ्या दवाखान्याच्या तळघरात काम करायची. वर शस्त्रक्रिया झाल्या की चिमटे, कात्र्या, पकडी ट्रेमध्ये भरून खाली यायच्या, आणि त्या कुठल्या अवस्थेत यायच्या ते जेवणाआधी सांगण्यासारखं नाही. धुऊन झालेलं प्रत्येक हत्यार भिंगाखाली धरायचं, बिजागरीत काही अडकलंय का ते बघायचं आणि मगच वाफेच्या पेटीत घालायचं, हे तिचं काम. डाग दिसला की तो रक्ताचा, गंजाचा की नुसत्या पाण्याचा, हे तिला चटकन कळायचं. रक्तामांसाची तिला किळस नव्हती. ते धुतलं की जातं, असं ती म्हणायची. माणसं जे अंगावर वागवत निवांत बसतात, त्याची तिला किळस होती.

आणि संध्याकाळी ती बेस गिटार वाजवायची. बेस म्हणजे चार जाड तारांची ती लांबलचक गिटार, जिचा आवाज कानापेक्षा पोटात जास्त कळतो. गाणारी पुढे उभी राहते, टाळ्या तिला मिळतात. बेसवाली मागे, ड्रमच्या शेजारी, खांबाला टेकून उभी असते, आणि ती थांबली तर लोकांना एवढंच कळतं की काहीतरी चुकल्यासारखं वाटतंय. शीताईला नेमकं हेच आवडायचं. कुणी बघत नाही, कुणी अंगाला अंग घासत नाही, आणि तरीही सगळा डोलारा आपल्या दोन बोटांवर उभा. हॉटेलातल्या पार्ट्या आणि कंपन्यांची संमेलनं वाजवण्यात तिची वीस-पंचवीस वर्षं कशी गेली ते तिला कळलंही नाही.

फक्त ती गिटार तिची नव्हती. ती मास्तरांची होती. मास्तर म्हणजे बँडचे मालक, कीबोर्ड वाजवायचे आणि दुपारी शिकवण्या घ्यायचे. शिकवणीतली सगळी मंडळी हीच गिटार हाताळायची, त्यामुळे संध्याकाळी ती शीताईच्या हातात यायची तेव्हा मानेवर, म्हणजे डावा हात फिरतो त्या लांब दांडीवर, दिवसभराच्या बोटांचा थर बसलेला असायचा. खांद्यावरच्या पट्ट्याची गादी कुणाकुणाचा घाम पिऊन चामड्यासारखी कडक झाली होती. वर खुंट्यांच्या मधे मास्तर पेटती सिगारेट खोचून ठेवत, तिथे काळं भोक पडलं होतं, आणि त्या भोकाचा त्यांना अभिमान होता. शीताई स्पिरिटची बाटली आणि कापूस पिशवीत घेऊनच यायची. वाजवण्याआधी पुसायची, वाजवून झालं की पुन्हा पुसायची. कापूस दर वेळी काळा व्हायचा. दर वेळी ती तो नाकापासून हातभर लांब धरून कचऱ्यात टाकायची.

गेल्या वर्षापासून मात्र डावा खांदा बोलायला लागला. आधी नुसता कुरकुरला, मग झोप मोडायला लागला, मग अंगठ्याच्या मुळाशी सूज आली. दवाखान्यातल्याच हाडांच्या डॉक्टरांनी हात वर करून, खाली करून, पिरगाळून बघितला.

“ते धूड सोडा, नाहीतर हलकं काहीतरी घ्या,” ते म्हणाले. “असंच चालू ठेवलंत तर गिटार राहू द्या, बाटलीचं झाकण उघडणार नाही तुमच्यानं.”

हे सांगताना ते कानात काडी फिरवत होते आणि मधूनमधून ती काडी बाहेर काढून बघत होते. शीताईला सल्ला पटला आणि काडीची शिसारी आली, आणि घरी पोचेपर्यंत दोन्ही एकत्रच आठवत राहिलं.

दुकानात जाऊन तिने तयार गिटारी बघितल्या. पण तिथे टांगलेल्या गिटारीला येणारा-जाणारा प्रत्येक जण बोटं लावून गेलेला, आणि हलकी म्हणून जी दाखवली ती गळ्यात घातल्याबरोबर तिची मान जमिनीकडे झुकायची. मग तिने ठरवलं की आपली अशी एक बनवून घ्यायची, आपल्या मापाची, जिला आपल्याआधी कुणाचाही हात लागलेला नाही. आयुष्यात एकदाच जमेल अशी ही गोष्ट होती. चुकली तर दुसरी बनवण्याची ऐपत नव्हती, आणि त्याहून मुख्य म्हणजे तेवढा खांदा शिल्लक नव्हता. ही गिटार चुकीची झाली तर वाजवणं संपलं, हे तिला स्वच्छ कळत होतं.

आता बाईने स्वतःसाठी काही करायचं ठरवलं की आजूबाजूच्या सगळ्यांना मतं फुटतात. नवरा न्हाणीघराच्या फरशा विकणाऱ्या दुकानात होता, त्यामुळे चकाकणाऱ्या कुठल्याही वस्तूवर त्याचा जीव.

“अगं, काळी घे,” तो जेवताजेवता म्हणाला. “चकाचक काळी. आणि कडेनं सोनेरी पट्टी.”

“अहो, मी गिटार बनवतेय, न्हाणीघर नाही.”

“मग पाच तारांची तरी घे. बनवतेच आहेस तर एक तार जास्त. उद्या विकायला काढली तर बरं पडेल.”

अजून लाकडाला करवत लागली नव्हती आणि हा माणूस विकायला काढून मोकळा. त्याने बोटं चाटली आणि त्याच बोटांनी फोनवर एका काळ्या गिटारीचा फोटो शोधून तिच्यापुढे धरला. शीताईला फोटो दिसलाच नाही. काचेवरून फिरलेला ओला पट्टा तेवढा दिसला. अशा वेळी तिला वाटायचं की इतकी वर्षं संसार केला तो काय बघून केला.

मास्तरांचं मत तर तयारच होतं. “वजन म्हणजे आवाज,” ते म्हणाले. “जड लाकूड, लांब मान. माझीच हुबेहूब बनवून घे. स्टेजवर काहीतरी दिसायला नको का?”

“मास्तर, मला हीच तर झेपत नाहीये.”

“नसेल झेपत तर तसं सांग. भाचा आहेच माझा. पुढच्या हंगामापासून तो उभा राहील.”

भाचा म्हणजे चाळिशी उलटलेला, दोन-तीन धंदे बुडवून मामाच्या आश्रयाला आलेला गृहस्थ. तालमीच्या खोलीत कोपऱ्यात बसून तो वेफर खायचा आणि बोटं खुर्चीच्या खालच्या बाजूला पुसायचा. शीताईला ती खुर्ची नीट माहीत होती. तिच्यावर ती कधी बसली नाही.

गिटार बनवणाऱ्याचा पत्ता दिला तो गप्पूने. गप्पू म्हणजे त्यांचा ड्रमवाला, दिवसभरात मोजून चार वाक्यं बोलणारा. त्यातली दोन त्याने यावर खर्च केली. “टायरच्या दुकानामागं एक मिस्त्री आहे,” तो म्हणाला. “माणूस वंगाळ आहे, पण हात चांगला आहे.”

वंगाळ हा शब्द गप्पूने जपून वापरला होता, हे शीताईला दारातच कळलं. आत भुशाचा ढीग, ढिगावर झोपलेलं कुत्रं, आणि शेगडीवर सरस उकळत असलेलं भांडं. सरसाचा वास म्हणजे जुन्या हाडांचा आणि खुरांचा वास. कपांत चहाचा साका वाळला होता आणि त्यावर भुसा बसला होता. मिस्त्री स्वतः ढेरपोट्या, दाढीत लाकडाचे कण, आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू. आपल्यासारखी गिटार आजूबाजूच्या मुलखात कुणाला बनवता येत नाही, हे त्याने शीताई खुर्ची शोधेपर्यंत तीनदा सांगितलं. खुर्ची तिला सापडली, पण ती उभीच राहिली.

“तुमच्यासाठी माल काढून ठेवलाय,” मिस्त्री म्हणाला आणि त्याने भिंतीला टेकलेली एक फळी उघडी केली. जुन्या अक्रोडाचं लाकूड, गर्द तपकिरी, आत धुरासारख्या रेषा. सुंदर होती, यात वाद नाही. “वीस वर्षं सांभाळलीय. हिची बेस केली तर लोक नुसतं बघायला येतील.”

“जड आहे का?”

“जड आहे म्हणजे? राजेशाही आहे.”

“मला खांदा आहे, मिस्त्री. सिंहासन नाही.”

मिस्त्री फिस्कन हसला, नाक शर्टाच्या बाहीला पुसलं आणि आतून एक वस्तू घेऊन आला. बेस गिटारीच्याच आकाराची, लांब मानेची, पण तारा नाहीत, खुंट्या नाहीत, रंग नाही, पॉलिश नाही. नुसतं कोरडं पांढरं लाकूड, आणि पोटात लोखंडाचे तुकडे बसवून खऱ्या गिटारीइतकं केलेलं वजन.

“हा मुका,” तो म्हणाला. “आमच्या सासऱ्यांची पद्धत. घरी न्यायचा, गळ्यात घालायचा. त्याच्यासकट उठायचं, बसायचं, कामं करायची आणि रोज तुमची सगळी गाणी याच्यावर वाजवायची. आठवडाभरानं आणून द्या. मग काय बनवायचं ते ठरवू.”

पुसू नका, असं त्याने सांगितलं नाही, कारण आजवर ते कुणाला सांगावं लागलं नव्हतं.

शीताईने मुका घरी आणला आणि प्रामाणिकपणे गळ्यात घातला. त्याच्यासकट तिने भाजी चिरली, कपडे वाळत घातले, शेजारणीशी दारात उभं राहून बोलली. शेजारीण बोलताना गळ्यातल्या फळीकडे बघत होती आणि विचारायचं धाडस होत नव्हतं म्हणून हवापाण्याचंच बोलत राहिली. संध्याकाळी शीताई खिडकीशी बसून एकेक गाणं मनात म्हणत लाकडावर बोटं फिरवायची. आणि झालं की सवयीने कापूस घ्यायची, त्यावर स्पिरिट ओतायची आणि मुका खालपासून वरपर्यंत लख्ख पुसून ठेवायची.

आठवड्याने मिस्त्रीने तो हातात घेतला, दाराशी उजेडात नेला, उलटा केला, सुलटा केला.

“बाई, तुम्ही हा वापरलाच नाही.”

“रोज वापरला. नवऱ्याला विचारा.”

“मग मळ कुठाय?”

“पुसला की.”

“पुसला? कशानं?”

“स्पिरिटनं.”

मिस्त्री स्टुलावर बसला. चार-चार दिवस त्याच कपातून चहा पिणाऱ्या त्या माणसाच्या चेहऱ्यावर खरीखुरी किळस उमटली. “इतकी वर्षं हा धंदा करतोय,” तो म्हणाला, “पण इतकं घाण काम कुणी केलं नव्हतं.”

मग त्याने तिला आतल्या भिंतीशी नेलं. तिथे जुने मुके ओळीने टांगले होते, आणि प्रत्येकावर डाग होते. कुठे हाताच्या घामाने लाकूड मधासारखं पिवळं झालेलं, कुठे मनगटाने काळं, कुठे छातीशी घासून गुळगुळीत. कोण कुठली माणसं, आणि त्यांचा मळ हा भिंतीवर मांडून बसलाय. शीताई भिंतीपासून दोन पावलं मागे सरकली.

“माणूस तोंडानं काहीही सांगतो,” मिस्त्री म्हणाला. “मी असा वाजवतो, मी तसा धरतो. मळ बसतो तिथंच माणूस असतो. मला तुमचं मत नको, तुमचा मळ आणा.”

आयुष्यात इतकी ओंगळ मागणी तिच्याकडे कुणी केली नव्हती. पण मुका पुन्हा खांद्याला लावून ती घरी आली, कारण दुसरा मार्ग नव्हता.

तो दुसरा आठवडा तिने कसा काढला ते तिलाच ठाऊक. दिवस उकाड्याचे. पहिल्या दिवशी नुसती ओल दिसली. मग मानेवर पिवळट सावली आली. मग ती सावली राखाडी झाली, तिला कडा आल्या, आणि एका सकाळी शीताईने बोट लावून बघितलं तर चिकट लागलं. दुसऱ्यांचा मळ निदान दुसऱ्यांचा असतो, नाक मुरडता येतं. हा तिचा होता. आपण इतक्या घाणेरड्या आहोत, हे तिला या वयात एका फळीने सांगावं? दोनदा तिने कापूस हातात घेतला आणि दोनदा ठेवून दिला. मुक्याला तिने पलंगामागे चादरीखाली लपवून ठेवलं.

“ह्याला वास येतोय गं,” नवरा म्हणाला.

“तो माझा आहे,” ती म्हणाली, आणि स्वतःच अंगावर पाल पडल्यासारखी शहारली.

आठवडा भरला त्या सुट्टीच्या सकाळी तिने मुका खिडकीत उजेडाला धरला. मिस्त्रीकडे नेण्याआधी एकदा बघावं म्हणून तिने भिंग काढलं. कामावर रोज जे करायची तेच तिने सुरू केलं, एका टोकापासून, घाई न करता. वरच्या कडेला उजवा कोपरापुढचा हात टेकतो तिथला डाग सगळ्यांत गडद होता, जवळजवळ काळा. म्हणजे तो हात नुसता टेकत नव्हता, दाबत होता. मान खाली झुकू नये म्हणून तो सारखा मुक्याचं धड दाबून धरत होता, आणि ओढ मात्र डावा खांदा सोसत होता. इथपर्यंत ठीक होतं, याचा तिला अंदाज होता.

मग ती मानेवर आली. मधला भाग राखाडी, तिथे अंगठ्याची वाट पडलेली. पुढे सरकावं तसा राखाडीचा पिवळा झाला, पिवळ्याचा फिका झाला, आणि शेवटची वीत, खुंट्या असतात त्या टोकाची, पांढरीशुभ्र. मिस्त्रीने दिली तशी. भिंग लावूनही तिथे काही सापडलं नाही.

शीताई खाली बसली. त्या शेवटच्या वितीत जाड तारेवर सगळ्यांत खोल सूर असतात. ज्यांच्यासाठी बेस बेस असते, ते. तिने मनात एक गाणं सुरू केलं आणि बोटं कुठे जातात ते बघत राहिली. खोल सूर आला, आणि बोटांनी तो मधेच, वरच्या सप्तकात उरकला. दुसरं गाणं घेतलं. तिथेही तेच. ती सगळी गाणी एकेक करून म्हणाली आणि एकदाही हात त्या टोकाला गेला नाही. हात लांब केला की खांदा दुखतो, म्हणून हाताने आपली आपण सोय करून घेतली होती, आणि मालकिणीला कळवलंही नव्हतं. मुक्याला तर आवाजच नव्हता, पण बँडच्या गिटारीवरही हेच चाललं असणार. किती दिवस? खांदा बोलायला लागल्यापासून, म्हणजे वर्षभर. वर्षभर ती तळाशिवाय बेस वाजवत होती, वर खांबाला टेकून मनात ऐटही मिरवत होती.

तिला स्वतःची किळस आली, आणि ती काही कापसाने निघण्यासारखी नव्हती.

मिस्त्री मात्र डाग बघून खूश झाला. “आता कसं! हे बघा, हात इथं फिरतो. पुढच्या टोकाला तुम्ही जातच नाही. मग तिथं शिंपल्याची नक्षी करू. वेल काढू. अक्रोडावर काय उठून दिसेल!”

“मिस्त्री, मला तिथेच जायचंय.”

“पण तुम्ही जात नाही.”

“जाता येत नाही म्हणून जात नाही. ते टोक जवळ आणा. मान आखूड करा.”

मिस्त्रीचं तोंड उघडं राहिलं. “आखूड? आखूड बेस शाळकरी पोरं घेतात, बाई. माझ्या अक्रोडाचं खेळणं करू?”

“अक्रोड नकोच. हलकं लाकूड घ्या. साधं. आणि वरचं शिंग, पट्टा अडकवतात ते, पुढे काढा, म्हणजे मान झुकणार नाही.”

खेळणं हा शब्द तिला झोंबला, कारण तो तिचाच होता. मागे एकदा दुसऱ्या बँडची एक मुलगी असली आखूड गिटार घेऊन आली होती, आणि शीताईने सगळ्यांसमोर तिला म्हटलं होतं, खेळणं छान आहे, दात आले की मोठी घे हं. सगळे हसले होते. मुलगी चांगली वाजवत होती, हे तिला तेव्हाही ऐकू आलं होतं. ते आठवून तिचे कान तापले. पण तिने आपली मागणी मागे घेतली नाही. आखूड मान, चार तारा, हलकं लाकूड, रंग नाही. मिस्त्रीने अक्रोडावर गोणपाट असं टाकलं की जणू घरातलं कुणी गेलंय.

“आणि मानेला पॉलिश की नुसतं तेल?” त्याने घुश्शातच विचारलं. “पॉलिश केलं तर पुसता येईल. तेलात मळ मुरतो. पण तेलाची मान हाताला बरी लागते, अंगठ्याला ओढावं लागत नाही.”

शीताईने सुजलेल्या अंगठ्याकडे बघितलं, मग मुक्याच्या मानेवरच्या त्या राखाडी वाटेकडे.

“तेल,” ती म्हणाली, आणि लगोलग, “शी.”

तालमीच्या खोलीत तिने मास्तरांना सांगितलं तेव्हा मास्तर सिगारेट खोचायला नेमकं ते भोक शोधत होते.

“आखूड? खेळणं घेऊन माझ्या स्टेजवर उभी राहणार? लोक हसतील.”

“मास्तर, एक विचारू? गेलं वर्षभर मी तळाचे सूर वाजवलेच नाहीत. एकही नाही. तुम्हाला कळलं?”

मास्तरांनी भाच्याकडे बघितलं, भाच्याने वेफरच्या पाकिटात. “लोकांना कुठं काय कळतं?” मास्तर म्हणाले.

“लोकांचं नाही विचारलं. तुम्हाला कळलं का?”

“हे बघ, बेस कोण ऐकतं गं? गिटार दिसली की झालं. मोठी आण आणि राहा, नाहीतर शनिवारचा कार्यक्रम वाजव आणि मोकळी हो.”

वीस-पंचवीस वर्षं ती या माणसाच्या पाठीशी उभी राहिली होती. त्याच्या गिटारीवरचा मळ तिने रोज पुसला होता, त्याची किळस केली होती, पण त्याचा कान चांगला आहे असं धरून चालली होती. तेवढ्या एका गोष्टीसाठी बाकीचं सगळं सोसलं होतं. आणि कान असा, नुसता चेहऱ्याला लावलेला! तिला इतका वीट आला की तोंडातून ‘शी’सुद्धा फुटलं नाही.

शुक्रवारी दुपारी तळघरात मिस्त्रीचा फोन आला. “उद्या सकाळी कापायला घेतो. एकदा कापली की लांब होणार नाही. अजून वेळ आहे, अक्रोड इथंच आहे.”

शीताई फोन कानाला धरून उभी राहिली. लांब म्हटलं तर शनिवारनंतरही शनिवार होते, खांदा टिकेल तोवर. आखूड म्हटलं तर हातात गिटार आणि वाजवायला जागा नाही. दुसरा बँड या वयात कोण देणार, आणि तेही खेळणं घेऊन आलेल्या बाईला? समोर ट्रेमध्ये धुतलेल्या कात्र्या ओळीने वाट बघत होत्या. तिला ती पांढरीशुभ्र वीत आठवली. स्वच्छ जागा बघून आपल्याला इतकी शिसारी येईल, असं तिला कधी वाटलं नव्हतं.

“कापा,” ती म्हणाली.

शनिवारी शेवटचं गाणं आलं तेव्हा तिने खांबाचा टेकू सोडला. डावा हात लांब केला. खांद्यातून कळ गेली ती थेट दातांपर्यंत, पण बोट त्या शेवटच्या वितीत पोचलं आणि तिने जाड तार दाबली. सूर आला. जमिनीतून वर आल्यासारखा, स्टेजच्या फळ्या थरथरवत आला. मास्तर कीबोर्डवर मान डोलवत होते तशीच डोलवत राहिले. गाणारी टाळ्यांकडे बघत होती. तिने तो सूर पुन्हा घेतला, मग पुन्हा, जिथे जिथे यायला हवा होता तिथे तिथे. डोळ्यांत पाणी आलं ते कळीने आलं की आणखी कशाने, हे तिला सांगता आलं नसतं.

गाणं संपल्यावर गप्पूने ड्रमवरून वाकून काड्या पिशवीत टाकल्या. “आज तळ होता,” तो म्हणाला.

शीताई वळली. “तुला कळलं होतं? वर्षभर?”

“हो.”

“मग बोलला का नाहीस, मेल्या?”

“दुखतंय तुला, म्हटलं.” त्याने पिशवीची चेन ओढली. “नवीन झाली की सांग. मलाही इथं वीट आलाय.”

हे बोलून त्याने दिवसाची चारही वाक्यं ओलांडली होती, म्हणून तो जिन्याकडे निघाला.

शीताईने गळ्यातला पट्टा काढला. गिटारीची मान तिच्या घामाने ओली होती, खालपासून थेट टोकापर्यंत. सवयीने हात पिशवीत गेला, स्पिरिटची बाटली आणि कापूस बाहेर आला. तेवढ्यात भाचा गिटार न्यायला आला, एका हातात वेफरचं पाकीट. शीताईने कापसाकडे बघितलं, गिटारीकडे बघितलं, आणि तशीच, न पुसता, गिटार पुढे केली.

त्याने मान मुठीत धरली आणि त्याचा चेहरा आंबला.

“शी!” भाचा म्हणाला. “काय चिकट आहे हे!”

हात पुसायला त्याला आजूबाजूला काही सापडेना. शेवटी खुर्चीवर मास्तरांचा कोट टांगला होता, त्याला त्याने हात पुसला. शीताईने कापसावर स्पिरिट ओतलं, आपले दोन्ही तळवे निगुतीने पुसले आणि कठड्याला न शिवता जिना उतरून गेली.